फूल न येणारी जात

आईच्या नावाची पाणवनस्पती प्रांतातल्या अकरा तलावांतून हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, आली होती. एकाही नमुन्यावर फूल नव्हते.

तिची पाने फितीसारखी लांब आणि लुळी. सगळीकडे उगवणाऱ्या बाणपानाची पाने बाणाच्या टोकासारखी असतात. म्हणून बाबांनी हिला वेगळी जात ठरवले आणि आई गेली त्या वर्षी तिचे नाव दिले. आता नावांची छाननी करणाऱ्या समितीने कळवले होते की फुलाचा पुरावा मिळाला नाही, तर हे नाव रद्द होईल. बाबा अंथरुणाला खिळलेले. हर्बेरियममधली त्यांची जागा मुलीकडे आली होती. तिने तलावातली चार रोपे आणून घरामागच्या टाकीत, काठोकाठ पाण्यात लावली.

"फुललं का गं?" बाबा रोज विचारत.

"अजून नाही."

"आग्रह केल्याशिवाय तुझी आई फोटोलासुद्धा उभी राहायची नाही."

धाकटा भाऊ डासांनी हैराण झाला होता. ती कामावर असताना त्याने वीतभर पाणी ठेवून बाकीचे उपसून टाकले.

"डोळे वटारू नकोस, ताई. संशोधन तुमचं आणि रक्त माझं, हा कुठला न्याय?"

नळाला पाणी नव्हते. टाकी तशीच राहिली. पंधरवड्यात पाण्याबाहेर एक नवे पान ताठ उभे राहिले. त्याला वर टोक होते आणि खाली दोन लांब कान.

दुसरेच एखादे रोप शिरले असेल, असे तिने स्वतःला समजावून पाहिले. मग रोप मुळासकट उपटले. फिती आणि बाण एकाच बुडख्यातून निघाले होते.

बाबांनी ते भिंगाखाली धरले. बराच वेळ उलटसुलट केले.

"बाकीची?"

"चारही तशीच, बाबा."

"म्हणजे तिच्या नावाचं काहीच उरलं नाही."

भाऊ म्हणाला, "समितीला कशाला सांगायचं? त्यांना काय कळतंय!"

"मला कळलं ना," बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

हर्बेरियममध्ये नमुन्यावरची चुकीची चिठ्ठी काढत नाहीत. शेजारी दुरुस्तीची चिकटवतात. दुसऱ्या दिवशी बाबांनी मजकूर सांगितला, तिने तो अकरा वेळा लिहिला:

"हे साधे बाणपान. तलाव खोल आहे. पाण्याखाली बुडून राहिले की या वनस्पतीला फितीसारखीच पाने येतात आणि फूल येत नाही."