पाटीची उजवी बाजू

सुताराच्या मुलीने व्हिडिओ गेम बनवला, तोही कपाट उचलण्याचा. दोन खेळाडू, एक जडशीळ कपाट आणि तीन मजल्यांचा अरुंद जिना. एकाने ओढायचं, दुसऱ्याने ढकलायचं आणि दोघांनी एकमेकांच्या नावाने खडे फोडायचे. वळणावर कपाट अडकलं की तिच्या वडिलांचा आवाज येई, "सावकाश. भिंत कुठे पळून जात नाही." ते हयात असताना, त्यांच्या कारखान्यातच तिने तो रेकॉर्ड केला होता. मागे रंधा चालल्याचा आवाज होता. तो तिने पुसला नव्हता.

गेम ज्या यंत्रावर चाले ते एका मोठ्या कंपनीचं, आणि कंपनीच्या पोटातलं ओठावर येत नसे. गेल्या वर्षी मुलीने आणि तिच्या भागीदार चित्रकर्तीने सात महिने खपून, खेळ थांबवला तिथूनच पुन्हा सुरू करायची सोय रचली. ती पुरी झाली त्याच आठवड्यात कंपनीचं अपडेट आलं आणि तीच सोय सगळ्यांना आयती मिळाली.

"सात महिने," चित्रकर्ती म्हणाली होती. "तेवढ्यात माझी भाची रांगायला लागली."

आता पुढचं काम होतं. खेळाडू दोन वेगळ्या घरांत असले तरी एकच कपाट उचलता यावं. आई दूर मावशीकडे राहायला गेली होती. मायलेकींनी मिळून ते कपाट वर न्यायचं, एवढं मुलीच्या मनात होतं. स्वतः रचायचं तर आठ महिने, आणि कंपनीच ते देणार असेल तर आठही पाण्यात.

कंपनीचा संपर्क अधिकारी दर महिन्याला फोन करी. दोघींनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं.

"एवढंच सांगा, लांबून खेळायची सोय येणार आहे का?"

"मॅडम, हो म्हटलं तरी नोकरी जाईल, नाही म्हटलं तरी."

"मग हो असेल तर नुसतं खोका."

"गैरसमज नको म्हणून मी खोकल्याचं औषध घेऊनच बसतो."

फोन ठेवल्यावर तिला पाटी आठवली. वडील कारखान्याच्या दाराला पाटी लावत. डाव्या बाजूला आठवड्याचं काम: मंगळवारी करवत, गुरुवारी पॉलिश, वास येईल. उजवी बाजू शेजाऱ्यांसाठी कोरी, दोरीला खडू बांधलेला. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका लिहीत, "गुरुवारी पाहुणे आहेत. शुक्रवारी चालेल?" वडील ओल्या बोटाने गुरुवार पुसून टाकत.

तिने तसाच तक्ता केला. डावीकडे त्या दोघींचं आठ महिन्यांचं काम, उजवीकडे रिकामा रकाना. वर लिहिलं, "आम्ही काय करणार ते हे. तुमच्या काही आड येत असेल तर कळवा. गुप्ततेच्या करारावर आमची सही आहेच." आणि तक्ता मौनीबाबांना पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी फोन आला. मौनीबाबांचा आवाज पडलेला होता.

"मॅडम, घोटाळा झाला. साहेबांना वाटलं, हा अर्धवट भरलेला फॉर्म आहे. आमच्याकडे रिकामा रकाना कुणाला बघवत नाही. चार विभागांत फिरला, चौघांनी भरला. सह्यांसकट."

"अरे देवा. मग?"

"मग कायदा विभागाकडे गेला. म्हटलं, आता संपलं. त्यांनी चार सह्या बघितल्या, तुमचा करार बघितला आणि पाचवी ठोकली. पाठवतोय. पुढच्या तिमाहीपासून सगळ्यांनाच असा तक्ता द्यायचा म्हणतायत."

लांबून खेळायच्या सोयीसमोर लिहिलं होतं, "चौथ्या महिन्यात देत आहोत. रचू नये." चित्रकर्तीने खुर्चीसकट गिरकी घेतली.

मुलगी मात्र खालची ओळ वाचत होती. "आवाज: नव्या अपडेटनंतर मागचा गोंगाट आपोआप पुसला जाईल. नको असल्यास आधी कळवावे."

तिने तिथल्या तिथे कळवलं, "नको."

चौथ्या महिन्यात सोय आली. आईने मावशीच्या टीव्हीसमोर बैठक मारली.

"आई, तू ओढतेयस. ढकलायचंय."

"मी बरोबर करतेय, तूच वाकडं धरलंयस. अगदी त्यांच्यासारखी."

पहिल्याच वळणावर कपाट अडकलं. वडिलांचा आवाज आला, त्याच्यामागे रंधाही.

कपाट सुटलं, दोन पायऱ्या वर गेलं.

"मागे घे गं," आई म्हणाली. "पुन्हा अडकवू."