वर येतानाचा श्वास

आमच्या गटात मुकादम ठरवायची रीत अशी होती, की हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या बायकांनी एकदम बुडी मारायची आणि जी सगळ्यांत शेवटी वर येईल ती वर्षभर मुकादम. मतदान नाही, भांडण नाही, कुणाची कुणाशी सोयरीक आहे याची चौकशी नाही. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या हंगामापासून मीच शेवटी वर येत आले. मी येईपर्यंत बाकीच्या होडीला धरून केस पिळत असायच्या, आणि माझ्या धाकट्या जावेचा तर तोवर चहासुद्धा पिऊन झालेला असायचा. तिचा दम मुळातच चिमूटभर. खाली जाऊन एक शिंपला उचलला की आली वर, पाण्यात पडलेल्या मांजरासारखी धापा टाकत. मी तिला चिमणी म्हणायचे. पुढे सगळा गटच म्हणायला लागला.

शिंपल्यांची शेती आमची स्वतःची. पाण्यात दोर सोडलेले, दोरांना जाळीच्या टोपल्या, टोपल्यांत शिंपले. टोपल्यांवर शेवाळ चढतं ते घासून काढायचं, मेलेले शिंपले वेचून टाकायचे. हे सगळं आम्ही एका श्वासात करायचो. पण गेली काही वर्षं वरचं पाणी तापायला लागलं आणि शिंपले तोंड वासून मरायला लागले. शेवटी टोपल्या खोल, गार पाण्यात सोडायचं ठरलं. तिथे एका श्वासात जाऊन परत येणं मला जमतं, पण जाऊन काम करणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून पाठीवरची हवेची टाकी आली.

टाकी शिकवायला बाहेरून माणूस आणायची गरज नव्हती. माझ्या सुनेचा धंदाच तो. सहलीला आलेल्या नवख्या लोकांना ती पाण्याखाली फिरवून आणायची. मला ते काम कधी काम वाटलं नाही. मासे बघायचे, तेही पाठीला हवा बांधून. बघायचेच तर बाजारात काय कमी आहेत?

गटाने ठरवलं, की सून जिला जा म्हणेल तिनेच खाली जायचं. आणि जी खाली जाऊन टोपल्या बघू शकत नाही, तिने वर बसून इतरांना कामं वाटायची नाहीत. म्हणजे इतक्या वर्षांची माझी मुकादमकी सुनेच्या हातात गेली. बाई घरात माझ्या हातून वाढून घेते, आणि पाण्यात मी तिच्या हाताखाली.

शिकवणी शिंपले धुवायच्या हौदात सुरू झाली. छातीइतकं पाणी. सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं, बाकी सगळं विसरलात तर मी आहे, पण एक विसरायचं नाही. टाकीचा श्वास कधीही रोखून धरायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, घरात बसून भाजी निवडताना घेतो तसा. मग पुढचं. कान दुखायच्या आधीच नाक चिमटून हलकेच फुंकायचं, तरी दुखलं तर थोडं वर यायचं, जोर करायचा नाही. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. हवेचा काटा सारखा बघत राहायचं. जोडीदारणीला सोडून कुठे भटकायचं नाही. आणि वर येताना आपल्याच बारीकातल्या बारीक बुडबुड्याच्या पुढे पळायचं नाही. कानांचं मला शिकवू नकोस, मी म्हटलं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी नाक चिमटते आहे. ती हसली. ती हसली की मला जास्त राग येतो, कारण त्या हसण्यात खोट काढता येत नाही.

नळी दातांत धरून मी हौदात बसले. पोटभर हवा ओढली आणि तोंड मिटून धरून ठेवली, जशी धरायची असते. थोड्या वेळाने सुनेने खांद्यावर टिचकी मारून मला उभं केलं.

"आई, बुडबुडे थांबले तुमचे."

"मग? हवा वाया कशाला घालवायची?"

"ती धरून वर आलात तर छाती फाटेल."

छाती फाटेल म्हणे. या छातीत किती दम आहे ते समुद्राला विचारून ये, मी म्हटलं. तिने शांतपणे समजावलं. वरून भरून नेलेला श्वास खाली पाण्याच्या दाबाने आकसतो आणि वर येताना परत जेवढ्यास तेवढा होतो, म्हणून आजवर तुमचं काही बिघडलं नाही. टाकीचा श्वास मात्र खालीच भरलेला असतो, खालच्या दाबाचा. तो धरून वर यायला लागलं की फुगतच जातो, आणि छातीत जागा असते तेवढीच असते. मी म्हटलं, पुस्तकात बरंच काही लिहितात.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना होडीत घातलं. माझ्या मुलाला जोडीला घेऊन ती तळाशी गेली, तिथे टाकीच्या हवेने एक फुगा गच्च भरला, गाठ मारली आणि सोडून दिला. आम्ही वरून ओणवून बघत होतो. फुगा काही आला नाही. आली ती रबराची चिंधी. फुगा हलक्यातला असेल, मी म्हटलं, पण कुणी हसलं नाही.

या सगळ्यात आधी कोण शिकलं असेल, तर चिमणी. रोखून धरायला तिच्याकडे दमच कुठे होता? तळाशी जाऊनही तिचे बुडबुडे मंद आचेवरच्या पातेल्यासारखे एकसारखे येत राहायचे. सून ऊठसूट सांगायची, काकूंचं बघा, काकूंसारखा श्वास घ्या. ज्या बाईला मी जन्मभर धापा टाकताना पाहिलं, तिच्यासारखा श्वास घ्यायला मला सांगत होती.

हौदात पुढे मलाही जमलं. लक्ष ठेवलं की जमायचं. लक्ष ठेवून जमणं म्हणजे अजून जमणं नव्हे, असं सून म्हणाली, पण तरी एकदा समुद्रात न्यायला ती तयार झाली. तळाशी जायचं, एक टोपली घासायची, सावकाश वर यायचं. एवढं पार पडलं की मुकादमकी माझी माझ्याकडे.

दोर धरून आम्ही उतरलो. कान मोकळे करण्यात मी सुनेच्याही पुढे होते. पाणी गार होत गेलं आणि मी तळाच्या टोपल्यांपाशी पोचले. इतका वेळ टोपलीकडे बघायला मला कधी मिळालंच नव्हतं. एका श्वासात गेलेल्या बाईला हातातला शिंपला दिसतो, बाकी काही दिसत नाही. इथे एकेक शिंपला जरासं तोंड उघडून निवांत पाणी पीत होता, शेजारणीसारखा. मी घासायला लागले. श्वास घेत होते, सोडत होते. सून बाजूला माझा काटा बघत होती. मनात म्हटलं, झालं की.

तेवढ्यात पाण्याच्या ओढीने शेजारची टोपली झुलली आणि थेट माझ्या तोंडावर आली. मास्क सरकला, डोळ्यांत आणि नाकात खारं पाणी गेलं. मास्क दाबून धरायचा आणि नाकाने फुंकून पाणी काढायचं, हे हौदात मी कितीदा केलं होतं. पण तिथे मी काही ठरवलंच नाही. अंगानेच ठरवलं. जन्मभर केलं तेच त्याने केलं. छाती भरलेली, तोंड गच्च मिटलं, आणि पाय मारला वर जायला.

मागून टाकी बांधलेल्या जॅकेटचा पट्टा ओढला गेला. सुनेने मला धरलं होतं आणि काही केल्या सोडत नव्हती. माझ्या पाण्यात, माझ्या दोरापाशी, माझीच सून मला गाय बांधावी तशी धरून बसली होती. मला असा संताप आला की मी तिला शिव्या घातल्या. नळी दातांत होती, त्यामुळे शब्द फुटले नाहीत, नुसती घुंघुं झाली. पण तिच्याबरोबर बुडबुड्यांचा लोंढा बाहेर पडला, आणि नेमकी तेव्हाच तिची पकड सैल झाली.

मी श्वास घेतला आणि परत शिव्या घातल्या. ती मला घेऊन जराशी वर सरकली. मी थांबले, तीही थांबली. मग माझ्या ध्यानात आलं, की मी बोलेन तेवढीच ही मला वर नेणार. मग काय, बोलले. तिच्या माहेरापासून सुरुवात केली. तिच्या हसण्याचं झालं, तिच्या बिनमिठाच्या स्वयंपाकाचं झालं. वर पोचायच्या थोडं आधी दोराला धरून थांबायचं असतं, अंगात मुरलेली हवा निघून जाऊ द्यायला. तिथे तिने माझा मास्क नीट बसवला, मी नाकाने फुंकून पाणी काढलं, आणि आम्ही लोंबकळत राहिलो. तोवर सुनेचा विषय संपला होता. मग मी चिमणीला घेतलं. तीही संपल्यावर मुलाला घेतलं, ही सून कुणी आणली म्हणून.

होडीत मुलाने हात देऊन मला वर ओढलं. सगळ्या बायका बघत होत्या. सुनेने नळी काढली आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाली,

"आई, आज नाही."

मी मुकादम होते. टोपली आपटली त्याला मी काय करू, उद्या परत ने, असं म्हटलं असतं तर त्या होडीत एकीचीही मला अडवायची छाती नव्हती. सुनेला हे चांगलं ठाऊक होतं. मुलाने तिलाही हात दिला, पण होडीची घट्ट धरलेली कड तिला सोडवत नव्हती. या मुलीला मी भांडताना पाहिलं आहे, रडताना पाहिलं आहे. घाबरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"धरलं नसतंस तर?" मी विचारलं.

"तर तुम्ही वर आला असतात," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी."

मला ती रबराची चिंधी आठवली. मी मास्क काढून पायाशी ठेवला आणि बायकांना म्हटलं, शेवटी वर येण्यात आता काही राहिलं नाही. जिचे बुडबुडे थांबत नाहीत ती मुकादम, आणि ती चिमणी. हे मी सांगितलं. कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही. मुद्दाम लिहिते, कारण मागाहून लोकांच्या जिभेला हाड नसतं.

चिमणी आधी नको नको म्हणाली, मग रडली, मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी धक्क्यावर येऊन उभी राहिली. एकेकीला काम देत माझ्यापाशी आली आणि अडखळली. बोल की, मुकादम आहेस, मी म्हटलं. तेव्हा तिने पदराशी चाळा करत सांगितलं, जाऊबाई, तुम्ही होडीत बसून बुडबुड्यांवर नजर ठेवा, कुणाचे थांबले तर तुमच्याइतकं लवकर कुणाला कळणार नाही. टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. टोमणा नव्हता. चिमणीला ते येत नाहीत. ते खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

हंगामभर मी होडीत बसले. प्रत्येकीचे बुडबुडे वेगळे असतात हे बसल्यावर कळलं. एकीचे घाईघाईने, एकीचे चुकारपणे, मध्येच डुलकी लागल्यासारखे. घाई वाढलेली दिसली की मी दोराला हिसका द्यायचे आणि सून तिच्यापाशी जायची. चिमणीच्या बुडबुड्यांकडे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तिथेच जास्त बघत बसायचे. बघता बघता माझा श्वास त्यांच्या चालीवर पडला. ते वर येऊन फुटले की माझाही सुटायचा. लक्ष ठेवावं लागत नव्हतं.

सुनेने ते पाहिलं असावं. एका दुपारी काम आटोपून ती ओल्या अंगाने माझ्या शेजारी येऊन टेकली.

"आई, उद्या तुमचीही टाकी भरून ठेवू?"

"मला काय विचारतेस," मी म्हटलं. "मुकादमाला विचार."