पाटीवरची दोन अक्षरं

सोमवारी महादेवाला पाणी घातल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, हे प्रयागबाईचं व्रत. बारा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. एका सोमवारी हरीओमच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, पायावर लोखंड पडलं, तेव्हाही ती शब्दाविनाच रडली होती.

मेडशीला रस्त्याच्या कडेला त्यांचं भंगाराचं आवार. सासरे दौलतराव बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या डीप्या, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, विकत घेत आणि सगळं घर मिळून ते फोडत. लोखंड वेगळं, पत्रे वेगळे, तांब्याची तार वेगळी. सासूबाईंनी एक रीत घालून दिली होती. डीपी निवडताना घरातल्या ज्या बाईचा शब्द चालला, तिनंच त्या डीपीला हळदीकुंकू वाहायचं आणि पहिला बोल्ट सैल करायचा. सासूबाई गेल्या आणि पाना प्रयागबाईच्या हातात आला.

दोन वर्षांपूर्वी धाकटी जाऊ ज्योत्स्ना आली. आयटीआय शिकलेली, वायरिंगची. डीपीवर टिचकी मारायची, फितीनं माप घ्यायची आणि मोबाइलवर काहीबाही पाहून सांगायची. सांगितलेलं खरंही निघायचं. दौलतराव म्हणायचे, "पोरीचं डोकं लयच चालते बावा!" आणि पाना तिकडे जायचा. प्रयागबाई तार सोलत बसायची. तारेवरचा कागद निघायचा, पोटातली जळजळ काही निघत नव्हती. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती देवाला म्हणायची, एवढं माझ्या मनातून काढ. आणि दिवा शांत होण्याआधीच ज्योत्स्नाचं हसू ऐकू आलं की पुन्हा तेच.

त्या सोमवारी आसेगावच्या बाजूला एका बंद जिनिंगमध्ये दोन डीप्या विकायला होत्या. टेम्पोत एकच मावणार होती. एक ठेंगणी, गंजलेली. दुसरी उंच, करड्या रंगानं ताजी रंगवलेली.

"मामाजी, उंचवालीच घ्या," ज्योत्स्ना म्हणाली. "तिच्यात तांबं जास्त राह्यते."

"आन् जर्मन निघालं त?" हरीओमनं विचारलं. ॲल्युमिनियमला ते जर्मन म्हणत. तांब्यापुढे त्याला कोण विचारतं?

"नाई निघत भाऊजी. माप पाह्यलं ना म्या."

प्रयागबाई उंच डीपीच्या मागे गेली. तिथं पत्र्याची पाटी होती. रंगाचे दोन-तीन हात बसल्यानं अक्षर दिसत नव्हतं. पण अशा पाट्यांवरची माती आणि रंग खरवडण्यात तिची बारा वर्षं गेली होती. तिनं डोळे मिटून बोट फिरवलं. खालून तिसरी ओळ. इंग्रजीतली ए आणि एल. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ही दोन अक्षरं ती बोटानं ओळखायची. ती असली की आत जर्मन.

तिनं डोळे उघडले. समोर ज्योत्स्ना उभी होती.

"ताई, तुमाले काय वाट्टे? मौन हाय तुमचं, माइत हाय. मान तरी हलवा."

मौनात बोलायचं नसतं. मान हलवायला कुणाचीच ना नव्हती. गेल्या सोमवारीच तिनं मान हलवून भाजीवाल्याला परत पाठवलं होतं.

प्रयागबाईनं पदराखालून जपमाळ काढली आणि डोळे मिटले. ओठ हलले. कोणता मंत्र ते तिलाही सांगता आलं नसतं.

"राहू दे, जप करून राह्यली ते," दौलतराव म्हणाले. "चाला, उंचवालीच घेऊ."

दुपारी महादेवाला पाणी घालून प्रयागबाई आवारात आली, तेव्हा ज्योत्स्ना डीपीला कुंकू लावत होती. पहिला बोल्ट तिनं फिरवला. तेल काढून घेतलं, झाकण निघालं. हरीओमनं चेनकुप्पीच्या साखळीनं आतला गाभा वर ओढला आणि तारेवरचा कागद कानशीनं खरवडला.

पांढरं निघालं.

"घ्या! जर्मन!" तो म्हणाला.

ज्योत्स्नाचा चेहरा एवढासा झाला. दौलतरावांनी ती तार हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "प्रयाग, उद्यापासून पाना तुयाच हाती. शाळा शिकून हे समजत नाई."

दोन वर्षं जे देवाकडे मागायला लाजत होती, ते असं मिळालं. ज्योत्स्नानं पाना आणि कुंकवाची डबी तिच्यापुढे धरली. "माह्यंच चुकलं ताई. तुमचं मौन नसतं त तुमी सांगतलं असतं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर प्रयागबाईनं डबी घेतली असती.

तिनं पॉलिश पेपर उचलला आणि डीपीमागची पाटी घासू लागली. रंग गेला. दोन अक्षरं उघडी पडली.

"हे मले सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "बोटानं."

ज्योत्स्ना म्हणाली, "मान हलवाची होती ना ताई."

प्रयागबाई सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, पाना मले नोको."

"देतो कोण?" दौलतराव म्हणाले. "आता हरीओमच उघडीन."

"रीत बायाची हाय ना बाबा," हरीओम पुटपुटला.

"मंग त्या रीतीले शोभतीन अशा बाया होऊ द्या आधी!" आणि ते घरात निघून गेले.

कोपऱ्यात एका जुन्या डीपीचं झाकण पडलं होतं, पाटीवर रंगाचा थर तसाच. प्रयागबाईनं ज्योत्स्नाचा हात धरून तिला तिथं नेलं. "डोये मीट. खालून तिसरी ओय. दाबू नोको, नुसतं फिरव."

ज्योत्स्नाचं बोट एकदा फिरलं, दुसऱ्यांदा थांबलं. "इथं ए-एल नाई ताई. इथं सी हाय, मंग यू. तांबं."

प्रयागबाईला हे शिकायला चार वर्षं लागली होती. पोटात पुन्हा जळलं, अगदी जुन्या जागी. तिनं ते गिळलं आणि मान हलवली.