राखणीचा पेला

मला काय झालंय म्हणून मी मीटिंगला जाऊ? पिणारे हे, आणि जाऊन बसू मी? नीलाताईंना मी हेच तोंडावर सांगितलं होतं. वर्षभर त्या मागे लागल्या होत्या. पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांचाही ग्रुप असतो, नाहूरला शाळेच्या वर्गात, तासाभराचा तर प्रश्न. मी म्हटलं, मला भाकऱ्या भाजायच्यात.

ह्यांच्यासाठी दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप मात्र मीच शोधला. सत्तावीस वर्षांचा संसार, त्यातली वीस ह्यांना गटाराच्या कडेवरून उचलून आणण्यात गेली. भांडुपला आमच्या चाळीत चढायला एकशे दहा पायऱ्या. पिऊन आलेला माणूस त्या कसा चढतो, ते मला विचारा! शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक नंबर दिला. फोन केला, तर दुसऱ्या दिवशी यज्ञेशभाऊ घरी आले, म्हणजे नीलाताईंचे मिस्टर. इस्त्रीचा शर्ट, बँकेतला माणूस. खाली चटईवर बसले आणि ह्यांना म्हणाले, "मी बायकोचं मंगळसूत्र विकून प्यायलोय. तुम्ही काय विकलंत?" हे आधी हसले, मग ढसाढसा रडले. तेव्हापासून सोमवार-गुरुवार मरोळच्या कारखान्यातून सुटले की थेट मीटिंग. एक चुकवली नाही.

न पिता वर्ष झालं की तिथे केक कापतात. वाढदिवसच म्हणतात त्याला. ह्यांच्या वाढदिवसाला नऊ दिवस राहिले होते. नऊ!

आणि नेमके तेव्हाच गावाहून थोरले भावजी टपकले. आमची सई मुलुंडला दिलीय. दोनदा पोटातच गेलं तिचं, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात. आता परत दिवस राहिलेले आणि परत तिसरा लागलेला. भावजींनी देवळात गाऱ्हाणं घातलं, तर निघालं काय, की चंद्रप्रकाशची राखण चुकली. म्हणजे आमच्या ह्यांची. आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे घरादारावर नजर ठेवणाऱ्या देवाला, वर्षाकाठी कोंबडा आणि दारू द्यायची असते, तीच राखण. मग ज्याच्या घरची अडचण, त्याने त्यातला घोटभर प्रसाद म्हणून घ्यायचा. दारू सोडली आणि हे त्या भानगडीत पडायचेच बंद झाले होते.

रविवारी सकाळी चाळीमागच्या टेकडीवर, गावाकडे तोंड करून भावजींनी सगळं मांडलं. कोंबडा झाला, गाऱ्हाणं झालं. मग पेला भरून ह्यांच्यापुढे धरला.

"दादा, मी नाही घेणार," हे म्हणाले. "हवं तर पाणी पितो. सोडा पितो."

"घरातल्या पुरुषान तोंडाक लावूक नाय, तर राखण पोचतली कशी?" भावजी कडाडले. "आणि ही काय दारू? परसाद आसा तो!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं प्यायला हा माणूस, एकदाही मला विचारून प्यायला नाही. त्या दिवशी विचारलं.

"नलिनी, घेऊ?"

काय उत्तर द्यायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळायला नको? पण माझ्या डोळ्यांपुढे सई होती, हॉस्पिटलच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी फटकन बोलले, "घ्या ना! लेकीपेक्षा मोठी आहे का तुमची मीटिंग?"

घेतली. डोळे मिटून, औषध घेतात तशी.

तीन दिवस काही नाही. मला वाटलं, सुटलो. चौथ्या दिवशी पायऱ्यांवर पाय घासत आल्याचा आवाज झाला आणि मी तो ओळखला. मग जी वाट लागली ती लागलीच. यज्ञेशभाऊंचा फोन हे उचलेनात. ते घरी आले, तर ह्यांनी आतून कडी घातली. मी ओरडले, पाया पडले. म्हटलं, चला हो, एकदाच चला. तर म्हणतात, "तूच घ्या म्हणालीस ना? मग आता गप बस."

वीस वर्षं ह्यांना शिव्या घातल्या त्या हक्काने घातल्या. आता तोही हक्क गेला.

सईला सहावा लागलाय. डॉक्टर म्हणतात, बाळ झकास आहे. भावजी गावभर सांगत फिरतात, राखण पोचली.

गेल्या गुरुवारी मी गेले नाहूरला. शेवटी गेलेच. सहा बायका होत्या, पोरांच्या बाकांवर अंग चोरून बसलेल्या. नीलाताईंनी चहा दिला, माझा हात धरला.

"नलिनीताई, पहिली गोष्ट. त्यांच्या पिण्याला तुम्ही कारण नाही. हे ओझं आधी खाली ठेवा."

"मीच पाजली," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, टेकडी, पेला, माझं बोलणं. एकीने पदर तोंडाला लावला.

मग नीलाताई म्हणाल्या, "झाली चूक. परत होणार नाही, एवढं मनाशी धरा."

होणार नाही, म्हणायला मी तोंड उघडलं. सकाळीच सईकडे जाऊन आले होते. तिने माझा हात पोटावर दाबून धरला होता, आणि आतून चांगली सणसणीत लाथ बसली होती.

"नाही हो ताई," मी म्हटलं. "परत विचारलं, तर परत घ्या म्हणेन."