हाड पक्कं होईपर्यंत

बेबाबाईच्या पाटीवर मी काय लिहिलं ते सांगण्याआधी धुळ्याच्या चिठ्ठीबद्दल सांगायला हवं. मला नीट क्रमाने सांगता येत नाही. एदलाबादच्या वाचनालयात तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं क्रमाने लावली, तेवढंच.

बेबाबाई आमच्या शेजारच्या कौतिकची बायको. माहेर सोनगीरचं. माझा आवाज बारीक, त्यात मिशा ओठांवर आलेल्या. ती कुंपणापलीकडून म्हणायची, "आबा, मिशीतल्या मिशीत नका बोलू, कधी मानसांत बी बोला!" आणि स्वतःच हसायची. तिच्याशिवाय माझी चेष्टा करण्याइतकी ओळख माझी कुणाशी नव्हती.

सत्त्याण्णव सालच्या माघात ती भाच्याच्या लग्नाला धुळ्याला गेली आणि तिथेच तिला मेंदूचा ताप आला. वीस दिवसांनी दवाखान्यातून उठली ती दोन्ही कानांनी ठार बहिरी होऊन. कानाला साधं यंत्र लावून पाहिलं. सासूने, झुंबरबाईंनी, मागे उभं राहून पितळी थाळी वाजवली. बेबाबाई आपली गहू निवडत राहिली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी इंग्रजीत चिठ्ठी दिली होती. ती घेऊन कौतिक माझ्याकडे आला. गावातले इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात. 'कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मुंबईला दाखवा' एवढं मला कळलं. ऑपरेशन करून कानाच्या आत तार बसवतात, ती आवाज थेट शिरेला पोचवते, असं मी एका मासिकात वाचलं होतं. ते मी कौतिकला जरा ऐटीतच सांगितलं. खाली एकच शब्द होता, पुढे प्रश्नचिन्ह. ऑसिफिकेशन. शब्दकोश काढला. 'अस्थीभवन, हाड बनणे.'

आदल्याच वर्षी झुंबरबाईंचा हात मोडला होता. हाड पक्कं झाल्याशिवाय हात हलवायचा नाही, असं त्यांना बजावलं होतं. मी तेच इथे लावलं. तापाने कानातलं हाड कच्चं झालं असणार. ते पक्कं झालं तरच तार धरेल. प्रश्नचिन्ह म्हणजे, झालं का पक्कं?

"म्हंजे थांबा म्हंता?" कौतिकने विचारलं.

"असं दिसतंय."

"बरंच झालं. तवलोक केळी बी कापून होतीन."

मनात शंका होती. डॉक्टरांना विचारण्यासाठी पत्र लिहिलं, त्यातलं इंग्रजी तीनदा सुधारलं. मग वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला असल्या शब्दाचा अर्थ काय विचारायचा. पाकीट शब्दकोशातच राहिलं.

बेबाबाई चौथी शिकलेली, म्हणून आता सगळे तिला पाटीवर लिहून सांगत. तिच्या पाटीवर मी लिहून दिलं, 'कानातलं हाड पक्कं झालं की मुंबई. मग ऐकू येईल.' तेव्हापासून मी अंगणात दिसलो की ती कानामागे बोटाने दाबायची. "आबा, व्हयनं का पक्कं?" आवाज आता फार मोठा येई. बोलीही हळूहळू माहेरच्या वळणावर गेली होती. "सोनगीर बोलू राह्यलं," झुंबरबाई म्हणायच्या. पूर्वी त्या यावरून टोमणे मारत. आता डोळे पुसत.

दिवाळीनंतर आम्ही मुंबईला गेलो. कागद वाचायला मी बरोबर. कानांच्या आतले फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, मराठीत बोलले. "कानाच्या आत शंखासारखी पोकळी असते. तार तिथेच जाते. या तापानंतर त्या पोकळीत हाड भरत जातं. दोन्हीकडे पूर्ण भरलंय. शंखाचा दगड झालाय. आता तार जायला जागाच नाही." मग कागदांवरची तारीख पाहून म्हणाले, "एवढे दिवस कशासाठी थांबलात?"

कौतिकने माझ्याकडे पाहिलं नाही. "शेतीची कामं व्हती," तो म्हणाला.

बेबाबाई तिघांच्या तोंडांकडे पाहत होती. तिने कौतिकची बाही ओढली. त्याने हाताने खूण केली, घरी गेल्यावर.

घरी आल्यावर त्याने पाटी माझ्यासमोर ठेवली. "तुमीच लिहा, आबा. तुमचं अक्षर तिले लागते." यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मी पेन्सिल घेतली. 'माझी चूक झाली' असं लिहायला घेतलं, 'माझी'पाशी अडलो आणि अंगठ्याने पुसलं. आधी डॉक्टर म्हणाले तेवढंच लिहावं, मग आपलं, असं ठरवलं. लिहिलं, 'कानात पूर्ण हाड झालं आहे.' पुढचं लिहिण्याआधीच तिने पाटी माझ्या हातातून ओढून घेतली.

ती बोट ठेवून वाचत गेली. मग तिचा चेहरा उजळला.

"बठ्ठं पक्कं व्हयनं?" ती ओरडली. "आबा, मंग ते चांगलंच शे! आते कधी जावानं?"

आणि पाटी छातीशी धरून ती झुंबरबाईंना दाखवायला आत धावली. पेन्सिल माझ्याच हातात राहिली.