अंखूसाची मुळी

मिकाने मुळी दगडावर ठेचली, तिच्यावर तेलाचे चार थेंब सोडले आणि लाल झालेलं बोट फिलाइनाच्या गालावर चोळलं. वरचं तेल फडक्याने टिपून घेतलं. अंखूसाची मुळी मोठी हट्टी. महिनाभर पाण्यात बुडवून ठेवा, रंग सोडायची नाही. तेल दिसलं की लगेच पाघळते.

"मला नको हे सोंग, मावशी."

"गरजवंताला अक्कल नसते. गप्प बस."

फिलाइना बसली. भांडायचंही त्राण नव्हतं. तिची तान्ही मुलगी जाऊन आठ दिवस झाले होते, दूध मात्र अजून येत होतं. नवरा हिवाळ्यातच समुद्रात बुडाला. घरात मूठभर जवसुद्धा उरले नव्हते. अत्तरवाल्यांच्या घरी बाळाला पाजायला बाई हवी होती, बाळाची आई बाळंतपणात गेली होती. पण अशा पांढऱ्याफटक बाईच्या हाती कोण पोर देणार?

अत्तरवाल्यांच्या अंगणात रडून रडून बाळाचा आवाज बसला होता. त्याचा बाप दामोन दाराला टेकून उभा होता. मागची बाई दोन दिवसांत तापाने आडवी झाली, आता धडधाकटच हवी, असं तो म्हाताऱ्या आईला, आर्खिप्पीला, पुन्हा पुन्हा बजावत होता. सून गेल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने फिलाइनाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. फिलाइनाची नजर त्या बोटांवर गेली. म्हातारीची नखं मुळापर्यंत लाल होती. चाळीस वर्षं अत्तराच्या तेलाला याच मुळीचा रंग चढवणारे हात ते.

"गाल पुसून बघ," दामोन म्हणाला. "हल्ली काय काय फासून येतात."

तेलाची बुधली आर्खिप्पीच्या हाताशीच होती. तिने ती बाजूला सारली, फडकं पाण्यात बुडवलं आणि दोन्ही गाल खसाखसा पुसले. फडकं मुलापुढे धरलं. कोरं होतं.

"तिचाच रंग आहे. जा तू दुकानात."

तो गेल्यावर तिने बाळ फिलाइनाच्या मांडीवर ठेवलं. ते अधाशासारखं ओढू लागलं, तसा फिलाइनाला हुंदका आवरेना. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळलं, रंग जागचा हलला नाही.

आर्खिप्पीने जवाच्या पेजेचा वाडगा तिच्याकडे सरकवला. शेजारी बुधली ठेवली.

"आधी खाऊन घे," ती म्हणाली. "मग तेलाने पूस. पाण्याने जायचं नाही ते."