दोन सिलिंडरमधलं पाणी

वडील गेल्यानंतरची रजा संपवून ती कारखान्याच्या इंजिन-आखणी खात्यात परतली, तेव्हा टेबलावर नव्या इंजिनाचा आराखडा सहीसाठी पडून होता. चार सिलिंडर, आणि मध्ये ते थंड ठेवणाऱ्या पाण्याला वाटच नाही. भिंतीला भिंत चिकटवलेली.

छोट्या गाडीची ही इंजिनं म्हणजे एका घरातली भावंडं. थोरलं तिच्या वडिलांनी आखलेलं. सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर सगळ्यांत सारखंच, कारण कारखान्यातली यंत्रं त्या अंतरावर पक्की बसवलेली. ताकद वाढवायची तर वडील पिस्टनची धाव वाढवत, इंजिन उंच करत; सिलिंडर मात्र रुंद होऊ देत नसत. मधून पाणी खेळलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आता बॉनेट बुटकं हवं म्हणून मोठ्या साहेबांनी सिलिंडर रुंद करून घेतले होते, तेही तिच्या पाठीमागे.

"सही कर," मोठे साहेब म्हणाले. "या इंजिनाला तुझ्या बाबांचं नाव द्यायचं ठरलंय."

तिने आराखडा बाजूला सरकवला. "आधी पूर्ण भाराने चालवून बघू."

"अर्ध्या भाराने मस्त चाललंय की!"

"चढावर गाडी अर्ध्या भाराने चढत नाही, साहेब."

चाचणीघरातल्या फोरमनकाकांनी तिला पाहून कपाळावर हात मारला. "पोरी, हे फाटलं तर माझ्या नावाने शंख होईल."

"माझ्या नावाने होऊ दे, काका. लावा भार."

सकाळभर इंजिन छान गुणगुणलं. दुपारी धुराड्यातून पांढरी वाफ निघाली आणि ते धापा टाकायला लागलं. उघडून पाहिलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध सांधा बंद ठेवणारं गॅस्केट जळून कोळसा झालेलं.

फाटलेला भाग, तो ज्याने आखला त्याच्या टेबलावर ठेवायचा आणि नवा टिकेपर्यंत हलवायचा नाही, अशी त्या खात्याची रीत. वडिलांच्या टेबलावर एकदा तडकलेलं सिलिंडर हेड कितीतरी महिने होतं. ते त्याच्यावर कप ठेवून चहा प्यायचे. तिने गॅस्केट उचललं आणि थेट मोठ्या साहेबांच्या काचेच्या टेबलावर ठेवलं.

"हे इथे कशाला?"

"रीत आहे."

"आखणाऱ्यांसाठी! मी काय पेन्सिल हातात धरतो?"

"आखायला लावलंत तुम्ही. मी तर रजेवर होते."

साहेब हसले. "गॅस्केट जाड लावू, काम भागेल. आणि नावाचं मी आईंना कळवलंय. किती बरं वाटलं त्यांना!"

हा घाव वर्मी बसला.

संध्याकाळी घरी आई वडिलांच्या फोटोची काच पुसत बसली होती. समारंभात ठेवायला. तिने सगळं सांगितलं. आईचा हात थांबला.

"त्यांचं नाव लागतंय ना, बाई? मग कशाला आडवी जातेस? एवढं तरी राहू दे आपल्याला."

"आई, कुठल्या तरी घाटात हे इंजिन बंद पडेल. पोराबाळांसकट रस्त्यात उभा राहिलेला माणूस बॉनेट उघडेल, नाव वाचेल आणि शिव्या घालेल. कुणाला?"

आईने पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

"शिव्या ते काही कमी खायचे नाहीत," ती म्हणाली. "पण स्वतःच्या चुकीच्या खायचे. लोकांच्या नाही." मग फोन ओढून तिने नंबर फिरवला. "साहेब, ह्यांचं नाव नको त्याला. हो, ऐकलंत ते बरोबर. नाही नाही, तिने नाही सांगितलं. मी सांगतेय. त्यांची बायको."

फोन ठेवल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. आईने फोटो परत भिंतीवर टांगला.

सकाळी मोठे साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. "सही करतेस की दुसऱ्याला बसवू इथे?"

"सही होणार नाही. दुसरा मिळेपर्यंत मी इथेच बसलेय."

ते पाय आपटत गेले. तिने कोरा कागद ताणून लावला आणि मधून पाणी खेळेल असं उंच इंजिन आखायला घेतलं. गाडीचा बाहेरचा आकार ठरवणारा शेजारचा ड्राफ्ट्समन मान लांब करून बघत होता.

"बॉनेट किती वर जाणार, ताई?"

"दोन बोटं."

"साहेब जीव घेतील!"

"मग माझ्या मागे रांगेत उभा राहा," ती म्हणाली. "आणि पट्टी दे इकडे."